आडवा तक्ता, उभी नोंद

जव्हार तालुक्यातील साखरशेतसारख्या गावी अंगणवाडीतील बालकांची वजने आडव्या तक्त्यात मांडली, म्हणजे प्रत्येक बालकास एक ओळ आणि प्रत्येक महिन्यास एक रकाना दिला, तर सेविकेच्या नजरेस ती मांडणी अत्यंत सोयीची ठरते. संख्याशास्त्राच्या संगणकास मात्र ती सहसा मानवत नाही. त्यास बालक, महिना आणि वजन अशा तीनच रकान्यांचा उभा दस्तऐवज हवा असतो, आणि एका ओळीच्या बारा ओळी करण्याचे हे काम ‘आर’ या संगणकभाषेतील ‘पिव्हट लाँगर’ किंवा ‘स्टाटा’ या संगणकप्रणालीतील ‘रीशेप’ ही आज्ञा क्षणार्धात उरकते. संख्याशास्त्रज्ञ हॅडली विकहॅम यांनी २०१४ साली ‘टायडी डेटा’ या निबंधात अशा मांडणीचे शास्त्रशुद्ध विवेचन केले, आणि ते यथार्थच आहे. परंतु दिवाळीनंतर आईबापांसमवेत वीटभट्टीवर गेलेल्या बालकाचा कोरा रकाना आडव्या तक्त्यात निदान डोळ्यांस खुपतो, तर उभ्या दस्तऐवजात, रिकाम्या नोंदी गाळण्याची मुभा घेतली की, ती ओळच नाहीशी होऊन ते बालक त्या महिन्यात जणू गावच्या शिरगणतीतच नव्हते असे भासते. १९९२ साली याच तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हादरलेल्या या मुलखाचे तक्ते तरी, रूपांतर करणाऱ्यांनो, कोऱ्या ओळींसकट उभे करा.