पाटे नवे, चॅसी सडकी

ती रील तुम्हीही पाहिली असेल. जुनी महिंद्रा जीप, मिलिटरी हिरवा रंग, पुढे लोखंडी बंपर, मूळ उंचीपेक्षा चार इंच वर उचललेली. टायर एवढे जाड की बोनेट खेळण्यातलं वाटावं. पावसाळी घाट, मागे ढग, खाली कमेंट्सची रांग : ‘भावा, लिफ्ट किट कुठून घेतलंस?’ ‘पाटे कोणते टाकलेस?’

‘चॅसी कशी आहे?’ असं विचारणारा एकही माणूस मला त्या रांगेत अजून भेटलेला नाही.

म्हणून जरा कडू लागेल असं लिहितो. सडक्या चॅसीवर नवे पाटे चढवणं याला शौक म्हणू नये. तो मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसाशी केलेला दगा आहे. तो मीही केलेला आहे, त्यामुळे उपदेशाचा अधिकार मला नाही. तक्रारीचा मात्र आहे.

माझी जीप कागदावर १९७२ची, सीजे-३बी. नाक उंच असलेली ती. मूळ पेट्रोल इंजिन कधीचंच काढून कुणीतरी डिझेल बसवलेलं, जसं आपल्याकडच्या निम्म्या जुन्या जीपांचं झालं. घेतली तेव्हा पुढून बसलेली होती, कारण डिझेलचं वजन मूळ पाट्यांच्या हिशेबात कधी नव्हतंच. मी गॅरेजवाल्याला म्हटलं, उचलून दे. त्याने दिली. खालून चकचकीत काळा रंग मारला, मी वाकून बघितलं, खूश झालो. दोन महिन्यांनी ताम्हिणीच्या चढावर ‘खाट्’ असा आवाज आला आणि गाडी डावीकडे मागे बसली. मागच्या पाट्याचा हँगर चॅसीचा पत्रा फाडून बाहेर आला होता. मागे बहीण आणि तिचा सात वर्षांचा मुलगा. चढ होता, वेग नव्हता, म्हणून आज हे लिहितोय. उतारावर असतो तर?

फाटलेल्या जागी बोट घातलं तर आतून चिखल आणि गंजाचे पापुद्रे हातात आले. काळा रंग तेवढा शाबूत होता.

पाट्याचं गणित समजून घ्या, फार अवघड नाही. पाट्याची जाडी वाढली की त्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिमीच्या जागी ७ मिमीचा पाटा टाकलात, तर वाटतं काय, एकच मिलिमीटर! प्रत्यक्षात तो दीडपटीहून जास्त कडक होतो. शिवाय एखादा पाटा जास्तीचा घातला की आणखी. आता खड्ड्यातला धक्का कुठेतरी जायलाच हवा. पाटा वाकला तर बराचसा तिथेच जिरतो. उरलेला पाटे एकमेकांवर घासतात त्यात आणि शॉक ॲब्सॉर्बरमध्ये. पाटा वाकलाच नाही तर तो हँगरमधून थेट चॅसीत शिरतो. म्हणजे गाडीतला सगळ्यात म्हातारा भाग जो, त्याच्यावर आपण सगळ्यात तरुण, सगळ्यात कडक भाग आणून आदळतो. आणि म्हणतो, अपग्रेड केलं.

त्यात आपल्याकडच्या स्वस्त युक्त्या. लांब शॅकल लावायचे. जुन्याच पाट्यांना थंड असताना घण मारून कमान वाढवायची, जी दोन पावसाळ्यांत पुन्हा बसते. किंवा ॲक्सल पाट्यांच्या खाली घ्यायचा. या जीपांत मुळात पाटे ॲक्सलच्या खालून जातात. ते वर घेतले की एका दिवसात गाडी चांगलीच उंच दिसते. दिसते खरी. पण प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, जॉइंट खायला लागतात. स्टिअरिंगचा रॉड तिरका होतो आणि खड्डा आला की हँडल आपोआप वळतं. ब्रेकचा होज ताणला जातो. रुंदीला आधीच अरुंद असलेली गाडी उंच केली की वळणावर ती काय करेल, हे विचारायला इंजिनियर लागत नाही.

मग पाटे बदलूच नयेत का? बदला. थकलेला पाटा धोकादायकच असतो. मेन पाटा चिरलेला असेल, सेंटर बोल्ट सैल असेल, बुश संपले असतील, तर आजच बदला. डिझेल इंजिन असेल तर पुढे त्या वजनाचे पाटे हवेतच. माझं भांडण उंचीच्या हव्यासाशी आहे आणि क्रमाशी आहे.

एक जुनं वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल : ‘तेव्हाचं लोखंड आता मिळत नाही.’ विकणारा हे म्हणतो, घेणारा मान डोलावतो. या जीपचा सांगाडा मूळचा दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या घराण्यातला. ८० इंचांचा व्हीलबेस, लष्कराच्या भाषेत ‘पाव टनी’ ट्रक. युद्ध संपेपर्यंत टिकली तरी पुष्कळ, असा तो काळ. ती २०२०च्या दशकात ताम्हिणी चढेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. लोखंड चांगलं होतं, मान्य. पण लोखंडाला पन्नास पावसाळे मोजता येतात.

आणि त्या पन्नास पावसाळ्यांत या गाड्यांनी काय केलं? आपण विसरतो. सातारा-कोल्हापूरकडच्या लोकांना वडाप सांगायला नको. आठ माणसांच्या जीपमध्ये पंधरा, टपावर गाठोडी, मागच्या फळकुटावर उभे चौघे. त्यासाठी मागे एक पाटा वाढवलेला असायचा. तेव्हा ते पोटासाठी होतं. ज्या गावांना एसटी दिवसातून दोनदा यायची तिथली बाळंतीण, दुधाचे कॅन आणि कॉलेजची पोरं त्याच पाट्यांवर तालुक्याला पोचली. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण तो सगळा भार चॅसीने सोसलाय. आज तीच गाडी रंगवून ‘विंटेज’ म्हणून तुमच्या दारात येते आणि तुम्ही तिसऱ्यांदा तिचे पाटे कडक करता, तेही रिकामी फिरवण्यासाठी.

चॅसीचं काम म्हणजे काय असतं, हे मी नंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे अकरा दिवस बसून पाहिलं. पहिल्या दिवशी त्यांनी पाट्यांकडे बघितलंही नाही. ‘साहेब, आधी हिचा सापळा बघू,’ म्हणाले. बॉडीचे बोल्ट खोलले, चौघांनी बॉडी उचलून बाजूला ठेवली. मग छोटी हातोडी घेऊन दोन्ही लांब बीम टोकापासून टोकापर्यंत वाजवत गेले. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडक्याचा भद्द. जिथे भद्द, तिथे खडूची फुली. सव्वीस फुल्या झाल्या. नंतर दोरी घेऊन कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजले. बारा मिमीचा फरक. म्हणजे गाडी इतकी वर्षं किंचित तिरकी चालत होती.

गंज वरवर घासून त्यावर पट्टी मारली नाही. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापत गेले. जिथे चीर होती तिच्या टोकाला आधी ड्रिलने भोक पाडलं, नाही तर वेल्डिंगखालून ती पुढे सरकते. पट्टी चॅसीच्याच जाडीची. मी म्हटलं, जाड टाका ना. ‘जाड टाकली तर पट्टी राहील आणि तिच्या कडेला चॅसी तुटेल.’ पट्टीची टोकं सरळ उभी न ठेवता तिरकी कापली, कारण उभ्या वेल्डची रेघ म्हणजे पुढच्या तुटीची आखणी. थोडं इकडे, थोडं तिकडे असं वेल्डिंग, म्हणजे तापून बीम वाकू नये. शेवटी आतून तेल आणि पाणी निघायची भोकं मोकळी. चॅसी नंबरच्या जागेला त्यांनी ग्राइंडर लावू दिला नाही. तो नंबर पुसला की आरटीओत तुमची गाडी कुणाची, हा प्रश्न उभा राहतो.

या अकरा दिवसांचा एकही फोटो कुणी लाइक केला नसता.

खरी गोम इथे आहे. किट खोक्यात येतं, त्यावर ब्रँड असतो, दुकानदाराला मार्जिन असतं, रीलमध्ये टॅग करता येतं. चॅसीचं काम म्हणजे नुसती मजुरी, काजळी आणि वेळ. त्यामुळे गॅरेज तुम्हाला किट विकेल आणि चॅसीला ब्लॅक मारून देईल. तुम्ही ते घ्याल, कारण तुम्हालाही तेच हवंय. वेल्डरचे दोन हजार आपल्याला जास्त वाटतात, किटचे चाळीस हजार आपण हप्त्याने देतो.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये सांगितलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. २०२१मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, पण मूळ रूपात. चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. म्हणजे डिझेल बसवलेली, उंच उचललेली माझी जीप विंटेज नव्हतीच, नुसती जुनी होती. गॅरेजच्या पाटीवर ‘विंटेज रिस्टोरेशन’ लिहून आत जे चालतं, त्यातलं किती या नियमात बसतं, हे तुम्हीच विचारून बघा. फेरफार आणि दुरुस्ती यांतला फरक ओळखायला काळा रंग खरवडावा लागतो.

आता माझी जीप मूळ उंचीवर आहे. पुढे डिझेलच्या वजनाला पुरतील एवढेच पाटे, मागे कंपनीच्या मापाचे. ट्रॅफिकमध्ये शेजारी उंच जीप थांबली की तिच्या चाकाची वरची कड माझ्या बोनेटला येते. तो पोरगा वरून बघतो, हसतो. परवा सिग्नलला एकाने विचारलं, ‘काका, लिफ्ट का नाही केली?’ मी म्हटलं, गाडी बाजूला घे, तुझ्या मागच्या हँगरपाशी एकदा हातोडी मारून बघू. त्याने काच वर केली.