बाईचं ‘योग्य वय’ कोणतं?

सॉफ्टवेअरच्या नोकरीच्या जाहिरातीत ‘वयोमर्यादा’ हा शब्द सहसा सापडत नाही. तिथे लिहिलेलं असतं: अमुक साली पदवी घेतलेले उमेदवार, २ ते ५ वर्षांचा अनुभव, शिक्षणात किंवा नोकरीत मोठा खंड नसावा. या तीन अटी एकत्र ठेवल्या की मधली काही वर्षं घरी राहिलेली पस्तिशीची बाई अर्ज करण्याआधीच बाद होते. ‘तुमचं वय झालं’ असं तिला कुणी तोंडावर म्हणतही नाही.

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला वेगळ्याच दारातून भेटला. मारहाण सोसून बाहेर पडू पाहणाऱ्या बाईला आपण सांगतो, आधी पायावर उभी राहा. अशा बायकांमध्ये इंजिनिअर असतात, एमसीए झालेल्या असतात. लग्नाआधी चार-पाच वर्षं त्यांनी प्रोग्रॅमिंग केलेलं असतं. मग बाळंतपण, नवऱ्याची बदली, सासूचं आजारपण. पुढे त्या जिद्दीने नवा कोर्स करतात, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, ‘इतकी वर्षं काय करत होता?’ नोकरी नाही मिळाली, तर पोटगीच्या तारखा मोजायच्या किंवा त्याच घरात परतायचं. म्हणून हा सुशिक्षित बायकांच्या हौसेचा प्रश्न आहे, असं मी मानत नाही.

मग बाईचं योग्य वय तरी कोणतं? २३व्या वर्षी ‘हिचं लग्न होईल’, २९व्या वर्षी ‘हिला मूल होईल’, ३८व्या वर्षी ‘हिला उशीर झाला’. पुरुषालाही चाळिशीनंतर या क्षेत्रात नाकारलं जातं, हे खरं आहे. पण त्याची मधली वर्षं अनुभव म्हणून मोजली जातात, तिची मात्र रिकामी जागा म्हणून.

हे नवं नाही. एअर इंडियाच्या हवाईसुंदरींना ३५व्या वर्षी, किंवा त्याआधी पहिल्या गरोदरपणात, निवृत्त करण्याचा नियम होता. त्याच विमानातले पुरुष पर्सर ५८पर्यंत काम करत. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र कायम ठेवली. तेव्हा नियम निदान छापलेला होता, त्याला आव्हान देता आलं. आजचा नियम अर्ज चाळणाऱ्या संगणकात दडलेला आहे.

‘तंत्रज्ञान झपाट्याने बदलतं, वय वाढलं की शिकणं जमत नाही,’ असं उत्तर मिळतं. ग्रेस हॉपर यांनी १९५२ साली पहिला कंपायलर तयार केला, तेव्हा त्या ४५ वर्षांच्या होत्या. अमेरिकी नौदलातून त्या निवृत्त झाल्या ७९व्या वर्षी. शिकणं जमतं की नाही हे परीक्षा घेऊन ठरवा, जन्मसाल पाहून नको. खरं कारण पैशाचं आहे. सेवा देणाऱ्या कंपन्यांची रचना पिरॅमिडसारखी असते: खाली कमी पगारावर रात्रंदिवस राबणारी तरुण मुलं-मुली, वर मोजके अनुभवी. म्हणून ही लढाई तरुण मुलींविरुद्ध नाही. आज त्यांना वापरणारी व्यवस्थाच उद्या त्यांनाही बाहेर काढणार आहे.

अमेरिकेत चाळिशीपुढच्यांना वयावरून नाकारण्याविरुद्ध १९६७पासून कायदा आहे. आपल्याकडे खाजगी नोकऱ्यांसाठी तसा कायदा नाही. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला १९७६च्या समान वेतन कायद्याने बंदी घातली होती, २०१९च्या वेतन संहितेतही ती आहे. पण वयाचा उल्लेख नाही. उलट केंद्र सरकारच्या क गटाच्या पदांसाठी विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांना वयात सवलत मिळते. म्हणजे बाईचं आयुष्य सरळ रेषेत जात नाही, हे सरकारला ठाऊक आहे. टाटा समूहाने २००८ साली खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी योजना सुरू केली, पुढे इतरही काही कंपन्यांनी तसं केलं. स्वागतच आहे. पण योजना ही मेहेरबानी असते, मंदी आली की बंद करता येते. आपल्याला हक्क हवा.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. पहिल्या अर्जात जन्मसाल, पदवीचं साल आणि खंडाचं कारण विचारू नये. निवड कामाच्या चाचणीवर व्हावी. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, अशी तरतूद २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने आणली. ते खरोखर चालतं का, याची तपासणी व्हावी. आणि भेदभावाच्या व्याख्येत वय यावं.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळालाही एके काळी कायद्यात नाव नव्हतं. बायका बोलल्या, गटांनी प्रकरणं लावून धरली, तेव्हा १९९७चा विशाखा निकाल आणि २०१३चा कायदा आला. तेव्हा मैत्रिणींनो, आपापल्या गटात येत्या तीन महिन्यांत एवढं करूया: अशा जाहिराती कापून ठेवू, नकाराची पत्रं आणि मुलाखतीतले प्रश्न तारखेसकट लिहून घेऊ. राज्य महिला आयोगापुढे जाताना हातात कागद हवेत.