आवाज सारखा करायचा, पण किती?

जुन्या एलपी संगणकावर उतरवून घ्यायला बसलं, की एक सल्ला हमखास मिळतो, "सगळं नॉर्मलाइज करून टाका, म्हणजे आवाज एकसारखा होईल." आमच्या घरातही तीच मागणी आहे. गाडीत ऐकताना एक गाणं हळू, पुढचं कानठळ्या बसवणारं, मग सारखं बटण फिरवत बसायचं. अडचण खरी आहे. पण हा उपाय मला पटत नाही.

मुळात रेकॉर्ड हळू वाजते म्हणजे ती खराब असते असं नाही. आवाज जितका मोठा, तितकी खाचेची नागमोड रुंद आणि तिला जागाही जास्त. एका बाजूवर पंचवीस मिनिटांचा ख्याल बसवायचा तर खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात, म्हणून आवाज हळू ठेवूनच ती कापलेली असते. चार-पाच गाण्यांची बाजू साहजिकच दणदणीत वाजते.

शिवाय साधं नॉर्मलाइज काय बघतं? फक्त सर्वांत उंच टोक. आणि आपल्या रेकॉर्डींवर सर्वांत उंच टोक कुणाचं असतं? पुष्कळदा ओरखड्याचं! एक 'खट्' झालं, की संगणक त्यालाच गायकाची सर्वांत मोठी तान समजतो आणि बाकीचं गाणं आहे तिथेच राहतं. म्हणून आधी खटखट काढायची, मग आवाजाला हात लावायचा. उतरवतानाही काटा शून्य डेसिबलच्या बराच खाली, उणे सहाच्या आसपास राहील असं बघावं. शून्याच्या वर गेलेला आवाज सपाट कापला जातो आणि तो मग कशानेही परत येत नाही. हळू उतरलेला मात्र नंतर कधीही वाढवता येतो, त्यातून २४ बिटमध्ये उतरवला असेल तर काहीच बिघडत नाही.

आता खरा मुद्दा. गीतरामायणाची ५६ गाणी आहेत. त्यांतलं प्रत्येक सुटं घेऊन सारखं केलं, तर भरताची समजूत घालणारा राम आणि रणांगणाचं वर्णन दोन्ही एकाच जोरात ऐकू येणार. बाबूजींनी आवाज कुठे आवरला आणि कुठे सोडला, ते सगळं गेलं. म्हणून वाढवायचा तर अख्ख्या संचाचा आवाज एकाच मापाने वाढवावा. रिप्लेगेन नावाची सोय आहे, ती मूळ ध्वनीला हातही लावत नाही, किती वाढवायचा-कमी करायचा एवढी नोंद फाइलमध्ये ठेवते. तिच्यात 'ट्रॅक' आणि 'अल्बम' असे दोन प्रकार असतात. माझं मत अर्थातच अल्बमला.

कम्प्रेशन तर त्याहून वाईट. अमीर खाँसाहेबांची एलपी आहे, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. तो मारवा इतका सावकाश, इतका खालून उठतो, की आपण आपोआप बोलणं थांबवतो. कम्प्रेशन लावलं की हा हळू भाग वर येतो आणि त्याच्याबरोबर रेकॉर्डची खरखरही. मग कान देऊन ऐकायचं कारणच उरत नाही. गाडीच्या सोयीसाठी खाँसाहेबांना कशाला ओरडायला लावायचं? (गाडीत मारवा ऐकावा का, हा वेगळाच वाद. असो.)

तेव्हा मी दोन संच करतोय. एक जसाच्या तसा, ओरखड्यांसकट. दुसरा खटखट काढून अल्बमच्या मापाने सारखा केलेला. पहिल्याला एका एलपीमागे सहाशे-सातशे एमबी लागतात आणि आपल्याकडे एलपी आहेत सव्वाशे. हवा असेल त्याने १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन यावं. दुसरा लहानशा ड्राइव्हवरही मावेल, पण दिवाळीच्या आत मागू नये, अजून नाट्यसंगीत पूर्ण व्हायचंय.