सेन्सरची कुंडली खोक्यात नको, त्याच्या पोटात हवी



गेल्या साली हळदीला भर लावताना कुदळीचा घाव बसून ओलाव्याचा एक सेन्सर फुटला. कंपनीचा पोरगा आला, नवा रोवला, वायर जोडली, मोबाईलवर आकडा दिसला तसा गेला. मी सोयाबीनच्या काढणीत. ठिबकचा व्हॉल्व्ह सेन्सरच्या आकड्यावर आपोआप चालतो, म्हणून हळदीकडं दहा-बारा दिवस फिरकलोच नाही. ॲप म्हणायचं, ओलावा ३८ टक्के, पाण्याची गरज नाही. जाऊन बघतो तर पानांच्या सुरळ्या झालेल्या. खुरप्यानं वीतभर उकरलं, माती कोरडी ठाक.

फोन लावला. पोरगा म्हणाला, "काका, नव्या सेन्सरचे कॅलिब्रेशनचे आकडे वेगळे असतेत. खोक्यात कागद होता, त्यातले आकडे ॲपमध्ये टाकायचे राहिले वाटतं." खोकं तर कधीच चुलीत गेलेलं!

पोराला दोष देऊन काय उपयोग? हजारोंची यंत्रणा एका चिठ्ठीवर टांगून ठेवली, चूक तिथं हाय.

आपण मापाआधी तराजूचा धडा करतो, कॅलिब्रेशन म्हणजे तसंच. हे सेन्सर पाणी थेट मोजत नाहीत. मातीचा विजेचा एक गुणधर्म मोजतात आणि सूत्रानं त्याचे टक्के करतात. पाण्याचा तो आकडा ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५, हवेचा १. प्रत्येक नग थोडा वेगळा निघतो, म्हणून सूत्रातले आकडेही वेगळे. नव्या सेन्सरला जुन्याचे आकडे लावले की झालं वाटोळं.

यावर तोड नाही असं नाही. आयईईई १४५१.४ नावाचं मानक २००४ सालीच आलं. त्यात सेन्सरसोबतच एक छोटी मेमरी चिप असते. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, नगाचा नंबर, कॅलिब्रेशन कधी झालं, त्याचे आकडे काय, सगळं त्या चिपमध्ये. याला टेड्स म्हणतात. वायर जोडली की यंत्र स्वतः वाचून घेतं, कागद लागत नाही. आपल्या जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर १२ आकडी नंबर असतो, पण माहिती सरकारच्या कॉम्प्युटरात. इथं बिल्ल्यातच सगळी माहिती.

शेतीतही एसडीआय-१२ नावाची पद्धत १९८८ पासून हाय. तीन तारांवर बरेच सेन्सर जोडता येतात आणि "तू कोण?" असं विचारलं की प्रत्येक जण आपली कंपनी, मॉडेल सांगतो. तापमानाच्या डीएस१८बी२० सारख्या स्वस्त सेन्सरच्या पोटातही प्रत्येक नगाचा वेगळा नंबर कारखान्यातच कोरलेला असतो. मग "चिपनं खर्च वाढतो" हे मला पटत नाही. मला वाटतं, खरं कारण दुसरं हाय. सेन्सर कुणाच्याही यंत्राला जुळला, तर शेतकरी एकाच कंपनीच्या दावणीला बांधून राहत नाही.

पण चिप असली म्हणून डोळे झाकू नका. कारखान्यातलं कॅलिब्रेशन बहुतेक वेळा साधारण मातीवरचं असतं. नांदेड-लातूरची काळी माती वेगळी. पाण्यानं फुगते, वाळली की भेगाळते. सेन्सरजवळ भेग पडली की तो हवाच मोजतो आणि आकडा कमी दाखवतो. चिकण आणि क्षार जास्त असले की उलटं, आकडा फुगू शकतो. शिवाय चिपमधली तारीख जुनी झाली तर तेही आकडे जुनेच.

म्हणून एकदा तरी ताडून बघा. सेन्सरजवळची माती घ्या, वजन करा, ओव्हनमध्ये १०५ अंशावर २४ तास वाळवा, परत वजन करा. समजा ओली १२६ ग्रॅम, वाळून १०० भरली. वजनानं ओलावा २६ टक्के. मातीची घनता १.३ असेल तर गुणून आकारमानानं साधारण ३४ टक्के. बहुतेक सेन्सर हाच दुसरा आकडा दाखवतात. ओल्या, मध्यम आणि कोरड्या अशा तिन्ही वेळी हे करा. ओव्हन, काटा नसेल तर कृषी विज्ञान केंद्राची किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाची मदत मागा.

शेजारचे आबा म्हणतेत, "मूठभर माती दाबली की कळतं, कशाला हे लफडं?" आबा खरं बोलतेत. पण रात्री दोनला लाईट आल्यावर मूठ दाबायला कोण जाणार? आणि २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलो नाहीत. पाणी मोजून द्यायचंच, पण माप तर खरं पाहिजे.

धान्याच्या काट्यावर वैधमापनाचा शिक्का आपण बघतो. तसंच सेन्सर घेताना तीन गोष्टी विचारा. याचा नंबर आणि कॅलिब्रेशन याच्या पोटात हाय का? दुसऱ्या कंपनीचं यंत्र ते वाचू शकतं का? माझ्या मातीचे आकडे मला त्यात टाकता येतात का? अनुदानावर सेन्सर देणाऱ्यांनीही हीच अट घालावी.

दुकानदार "कागद खोक्यात हाय" म्हणाला, तर खोकं तिथंच ठेवा आणि पुढचं दुकान बघा.