विज्ञानवार्ता : नवसागराचा वायु आणि सूक्ष्म लहरी

पडशानें नाक चोंदलें म्हणजे नवसागर व चुना एकत्र चोळून हुंगावयास देण्याची चाल आपल्याकडील कित्येक घरांत होती. त्यांतून निघणारा जो उग्र वायु डोळ्यांतून पाणी काढतो, तोच अमोनिया. या अंकीं त्याचीच थोडी हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमोनियाच्या रेणूंत हायड्रोजनचे तीन अणु तिवईच्या पायांप्रमाणें बसलेले असून नायट्रोजनचा अणु त्यांच्या माथ्यावर असतो. परंतु हा माथ्यावरील गृहस्थ स्थिर नाहीं. वादळांत छत्री उलटावी त्याप्रमाणें तो रेणु उलटतो, पुन्हां सुलटतो. आणि हें सेकंदाला सुमारें २४ अब्ज वेळां चालतें! तितक्याच वेगानें आंदोलणारी विद्युच्चुंबकीय लहर हा वायु शोषून घेतो. तिची लांबी सव्वा सेंटिमीटर भरते.

१९३४ सालीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत क्लीटन व विल्यम्स यांनीं हें प्रत्यक्ष दाखविलें. इतक्या आखूड लहरी काढणाऱ्या मॅग्नेट्रॉन नळ्या त्यांस स्वतःच घडवाव्या लागल्या. आणि वायु कोंडण्याचें साधन काय, तर रबर चढविलेल्या कापडाची पिशवी! भपकेबाज उपकरणांवांचून आमचें अडतें म्हणणारांनीं ती पिशवी अवश्य आठवावी.

पुढें महायुद्धांत रडारसाठीं हीच सव्वा सेंटिमीटरची लहर निवडली गेली. हवेंतील पाण्याची वाफ १.३५ सेंटिमीटरची लहर गिळते; तेव्हां तिच्या शेजारची ही लहरहि दमट हवेंत दूर जाणार नाहीं, असा इशारा चार्ल्स टाऊन्स यांनीं दिला होता. तो मानला गेला नाहीं. यंत्रें झालीं, पल्ला तोकडा पडला, आणि तीं बहुतांशीं वायां गेलीं. जाणत्याचें वेळेवर न ऐकण्याची खोड एकट्या अमेरिकेची नव्हे, इतकेंच आम्ही म्हणतों.

युद्धानंतर असलींच टाकाऊ यंत्रें प्रयोगशाळांच्या पथ्यावर पडलीं. १९४६ सालीं ऑक्सफर्ड येथें ब्लीनी व पेनरोझ यांनीं अमोनियाचा दाब अगदीं कमी करून पाहिलें, तों पूर्वीची रुंद पट्टी अनेक बारीक रेषांत विभागलेली आढळली. टाऊन्स यांनीं कोलंबिया विद्यापीठांत त्याच वायूकडून लहरी शोषून घेण्याऐवजीं त्या बाहेर टाकविण्याचा उद्योग आरंभिला. व्यर्थ खर्च होतो, सोडून द्या, असें विभागांतील वरिष्ठांनीं सुचविलें. ते बधले नाहींत. १९५४ सालीं त्यांचा मेसर चालूं झाला.

१९६८ सालीं टाऊन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कॅलिफोर्नियांतील हॅट क्रीक येथील दुर्बिणीनें धनु राशीच्या दिशेस अमोनियाची तीच लहर टिपली. पाठोपाठ आकाशांतून १.३५ सेंटिमीटरची लहरहि हातीं आली. रडारचा घात करणारी पाण्याची वाफ तेथेंहि होती!