दोरखंडाला दाखला कोण मागतो?

मुलाकडे मेलबर्नला गेलो होतो, तेव्हा विमानात एक कार्ड भरायला दिले. त्यात एक प्रश्न असा: गेल्या तीस दिवसांत शेतावर किंवा गुराढोरांजवळ गेला होतात का? निघण्याआधी मी खेड तालुक्यात पुतण्याच्या गोठ्यात जाऊन आलो होतो. जन्मभर मुलांना खरे बोला म्हणून सांगितलेला मास्तर मी, 'हो' लिहिले. उतरल्यावर तिथल्या बाईंनी माझे बूट मागून घेतले, तळवे उलटे करून पाहिले आणि धुऊन परत दिले. सौ.ला हसू आवरेना!

मुलाने मग सांगितले की त्या देशात वापरलेला ट्रॅक्टर आणायचा तर खाचाखोचांतली माती, शेण सगळे काढून आणावे लागते. राहिले तर यंत्र बंदरावरच अडते. कारण लाळ्या-खुरकूतचा विषाणू शेणात, चिखलात, टायरला, बुटाला चिकटून प्रवास करतो. २००१ साली ब्रिटनमध्ये या रोगापायी साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, तेव्हा जगाने धडा घेतला.

आपल्याला मात्र हा धडा त्याच्याही आधी पाठ होता. बुळकांडीने गोठेच्या गोठे रिकामे होत होते तेव्हा, १८८९ साली, गुरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा निघाली ती आपल्या पुण्यातच. पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. आणि १८९८ चा पशुधन आयातीचा कायदा उघडून पाहा. परदेशातून येणारे जनावर तर त्यात आहेच, शिवाय त्याच्या संपर्कातला चारा, शेण, गोठ्यातला पेंढा, झूल आणि साजसुद्धा अडवण्याचा अधिकार सरकारला दिलेला आहे. बैलगाडीच्या काळातल्या माणसाला जे कळले, ते टेम्पोच्या काळात आपण विसरलो.

सप्टेंबर २०२२ आठवा. लम्पी आला. ऐन भादवी पोळ्याच्या तोंडावर राज्यभर गुरांचे बाजार बंद, शर्यती बंद, ने-आण बंद. ते चूक होते असे मी मुळीच म्हणत नाही. लम्पी मुख्यतः माश्या, डास, गोचिडांतून पसरतो हेही मान्य. पण पुतण्याचा बैल दावणीला अडकला, रब्बीच्या बियाण्याचे पैसे अडकले. आणि ज्या टेम्पोतून आदल्या आठवड्यापर्यंत दहा गावची गुरे फिरली, त्याचा हौदा कोणी धुतला? मी तरी पाहिला नाही. लाळ्या-खुरकूत तर आपल्याकडे दरवर्षी कुठे ना कुठे असतोच. धार काढायचे जुने यंत्र एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात विकले जाते, त्याच्या रबरी कपांतून दगडी पसरते. जनावराच्या कानाला बिल्ला मारला, यंत्राला कोण विचारतो?

कोणी म्हणेल, असले निर्बंध म्हणजे व्यापार अडवायचे निमित्त. तसेही होते, नाकारत नाही. बर्ड फ्लूच्या नावाखाली अमेरिकन कोंबडीवर घातलेली बंदी २०१५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आपण हरलोच की. पण ती होती सरसकट बंदी. सरसकट बंदी घालायला एक सही पुरते. धुऊन घ्यायला माणूस लागतो, पाणी लागते, रोज लागते. म्हणून आपल्याला बंदी आवडते. आणि तिचा भार नेहमी ज्याच्याकडे एकच बैल आहे त्याच्यावर.

माझे मागणे फार नाही. बंदरावर वापरलेले शेती-यंत्र आले, तर धुतल्याशिवाय सोडू नका. गावच्या बाजाराच्या फाटकावर टेम्पोची चाके आणि हौदा धुवा. धुण्याचा सोडा, लिटरला चाळीस ग्रॅम, एवढ्याने लाळ्या-खुरकूतचा विषाणू मरतो. किराणा दुकानात मिळतो हो तो!

पुतण्याने गोठ्याच्या तोंडाशी बादली आणि ब्रश ठेवला आहे. परवा व्यापाऱ्याचा टेम्पोवाला चाके धुवायला सांगितली म्हणून चिडून तसाच निघून गेला. रात्री पुतण्याचा फोन, "काका, गिऱ्हाईक गेलं. बादली उचलू का?"

मी म्हटले, "राहू दे तिथंच."