दूरची आज्ञा

१५ जुलै २०२५ रोजीं मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांत टेस्लाचें दालन उघडलें आणि आयात केलेल्या विजेच्या मोटारीचा विषय आमच्या बिबवेवाडींतहि निघूं लागला. मोबाईलवरून दुरून दिलेली आज्ञा थेट गाडीस पोंचत नाहीं. ती आधीं कारखानदाराच्या संगणकाकडे व तेथून गाडींतील सिमकडे जाते. सिम परक्या देशाचें असलें, किंवा त्याचें जाळें मोडीत निघालें, कीं अॅप मुकें होऊं शकतें. ब्रिटनमध्यें टू-जी जाळें बंद व्हावयाचें म्हणून निसाननें २०२४ सालीं जुन्या लीफ गाड्यांची अॅपसेवा थांबविली. गाड्या मात्र धांवत राहिल्या. यास्तव खरेदीपूर्वींच विचारावें: सिम येथील जाळ्यावर चालतें काय? सेवा किती वर्षें? वर्गणी किती? उत्तरें लेखी घ्यावींत व घरांतील तरुणांनीं तीं वडीलधाऱ्यांस वाचून दाखवावींत. पैसा बहुधा त्यांच्याच गांठीचा असतो.